बोगनवेल उन्हाळ्यात काढू नये

उन्हाळ्यात झाड हलवू नये, असं झाडांवरची सगळी पुस्तकं सांगतात. ग्रंथपालांनी ती सगळी वाचली होती. आणि वाचून झाल्यावर, जन्मात पहिल्यांदा, त्यांनी ठरवलं की पुस्तकं चुकतात!

हे ठरवताना त्यांच्या जिवावर किती आलं असेल, ते त्यांना ओळखणाऱ्यांनीच समजावं. दूध नासकं निघालं तर दुकानदाराला 'आमचंच पातेलं नीट धुतलं गेलं नसेल' असं सांगून, वर माफी मागून येणारा हा माणूस. स्वतःच्या घराचं दारही हळूच ढकलायचे, आत कोणाची अडचण नको म्हणून. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी आवाज अजून वाचनालयातलाच. अशा ग्रंथपालांनी मेहुण्यासमोर कमरेवर हात ठेवून सांगितलं, "त्यात काय आहे एवढं? कडेने खणायचं, मुळं सांभाळायची, उचलायचं आणि कुंडीत बसवायचं. झालं बोन्साय!"

"बोन्सायला वर्षानुवर्षं लागतात म्हणे, भाऊजी."

"रोपापासून करायचं असेल तर लागतात. आपलं खोड आधीच जुनं आहे. म्हातारपण तयार मिळतंय म्हटल्यावर वेळ कशाला लागेल?"

झाड म्हणजे बोगनवेल. खिडकीच्या अगदी पुढ्यात, भिंतीला चिकटून वाढलेली. ग्रंथपालांनीच कधीकाळी हौसेने लावलेली. तिची पातळ कागदी फुलं त्यांना फार प्रिय. ती ते पुस्तकात खुणेला घालायचे. बुंधा मांडीएवढा झाला होता आणि वरचा पसारा असा, की खिडकीत उजेडसुद्धा परवानगी काढून यायचा.

त्या खिडकीला लागून त्यांच्या बायकोची खाट होती. हिवाळा सरता सरता ती अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही. बोलणं तिचं मुळात कमी, आता तर हुं का चूं नाही. दिवसभर खिडकीकडे टक लावून पडायची. ग्रंथपाल उशाशी पुस्तक घेऊन बसायचे आणि पान उलटताना तिच्याकडे चोरून बघायचे. तिची नजर बोगनवेलीवरून हलत नव्हती. आडवं पडल्यापडल्या तिला दिसत काय असणार? नुसत्या काटेरी फांद्या. फुलं सगळी वर, छपरापाशी. बिचारी फुलांसाठी मान ताणते आणि थकून डोळे मिटते, असं त्यांना वाटायचं.

तिला ते झाड हाताशी हवं. खाटेजवळच्या स्टुलावर, उथळ कुंडीत, फुलांसकट. बस्स! एवढं एक आपल्या हातून व्हावं.

पुस्तकं म्हणत होती, पावसाळ्यापर्यंत थांबा. डॉक्टर तिच्यासमोर हसले होते आणि फाटकाशी येऊन चष्मा पुसत म्हणाले होते, "पावसाळ्याचं आपण आत्ता बोलायला नको." झाड थांबलं असतं. थांबायला सवड नव्हती ती दुसऱ्यालाच.

त्यांनी तिला सांगितलं तेव्हा तिने कित्येक दिवसांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"काढताय?"

"हो."

"मुळापासून?"

"अगदी मुळापासून. एक मूळ मागे ठेवणार नाही."

"मग आजच काढा," ती म्हणाली.

ग्रंथपालांचे डोळे भरून आले. इतका जीव त्या झाडावर! ते बाहेर येऊन नाक शिंकरेपर्यंत मेहुणा कुदळ घेऊन हजर.

मेहुणा म्हणजे आडदांड काम. जन्मभर ट्रक चालवला, आणि जगातली कुठलीही वस्तू हलत नसेल तर ती रिव्हर्समध्ये टाकली की निघते, अशी त्याची श्रद्धा. बहिणीवर त्याचा फार जीव होता. पण तिच्या खोलीत जायचं म्हटलं की त्याला काहीतरी काम आठवायचं. खणायचं काम मिळाल्यावर तो सुटला!

"हळू," ग्रंथपाल उघडं पुस्तक हातात धरून काठावर उभे. "इथे लिहिलंय, बुंध्यापासून हातभर अंतर सोडून गोल चर घ्यावा."

"भाऊजी, पुस्तक मिटा. काटे लागतील त्याला."

काटे पुस्तकाला लागले नाहीत. ते मेहुण्याच्या दंडाला, ग्रंथपालांच्या कानाला आणि दोघांच्या धोतर-पँटीला सारखेच लागले. ऊन तव्यासारखं तापलेलं, जमीन पाटा-वरवंट्यासारखी. कुदळ मारली की ठिणगी उडायची आणि ढेकळाऐवजी शिवी बाहेर पडायची. दुपारपर्यंत खड्डा खोल झाला खरा, पण गोल काही होईना. एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला कुंपण. त्यामुळे तो लांबच लांब होत गेला. हातभर रुंद, माणूसभर लांब. ग्रंथपालांनी एकदा त्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

"वरचा पसारा छाटायला हवा," मेहुणा म्हणाला.

"थोडा थोडा, कडेने..."

मेहुण्याने करवत घातली. ग्रंथपालांनी डोळे उघडले तेव्हा छपराला भिडलेलं झाड माणसाच्या उंचीचं झालं होतं आणि फुलं सगळी मेहुण्याच्या चपलांखाली होती.

"फुलं!" ग्रंथपाल कळवळले.

"परत येतील. अहो, येतातच. आता एक मूळ तेवढं राहिलंय. फार चिवट आहे, पण मी त्याचा बाप!" असं म्हणून त्याने कुऱ्हाड उगारली.

ते मूळ नव्हतं. तो नळाचा पाइप होता.

पाण्याचा फवारा जो उडाला, तो थेट मेहुण्याच्या तोंडात! मग भिंतीवर, मग पुस्तकावर. खड्ड्याचं तळं झालं. एवढं एक बरं झालं, की जे झाड दिवसभर हटत नव्हतं ते चिखलात आपोआप सुटलं आणि दारुड्यासारखं कलंडून ग्रंथपालांच्या गळ्यात पडलं. मुळांची माती, जी पुस्तकात 'जिवापाड जपावी' म्हटली होती, ती धुऊन गटारात गेली. उरली नुसती उघडी मुळं, आणि डोक्यावर आग ओकणारं ऊन.

"मरतंय, मरतंय!" ग्रंथपाल ओरडले. म्हणजे त्यांच्या मानाने ओरडले. "झाका! ओलं कापड आणा!"

मेहुण्याने दोरीवरची पांढरी चादर ओढली, पाण्यात बुचकळली आणि झाड डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं. पाइप बंद करायला धावत आलेला प्लंबर म्हणाला, "सावलीत न्या आधी." सावली मागच्या अंगणात. पण मागे जायची बोळकांडी तळ्यापलीकडे. म्हणजे फाटकातून रस्त्यावर यायचं, आळीला वळसा घालायचा आणि मागच्या फाटकाने आत शिरायचं.

ओल्या झाडाचं वजन दोघांच्या आवाक्यातलं नव्हतं. प्लंबरने शिडी दिली. तीवर ते आडवं ठेवून दोरीने बांधलं. तिघांनी उचलून पाहिलं, एक कोपरा खालीच. तेवढ्यात पोस्टमन सायकलवरून उतरला. भला माणूस. काही न विचारता चौथा खांदा दिला. टोपी घसरत होती म्हणून त्याने ती काढून खिशात ठेवली.

आणि अशी ही मंडळी भर दुपारी रस्त्यावर आली. पुढे मेहुणा, चिखलाने माखलेला, डोळे पाण्याने लाल. मागे ग्रंथपाल, अनवाणी, कारण चपला तळ्यात. खांद्यावर शिडी, शिडीवर पांढऱ्या चादरीत आडवं काहीतरी, माणसाएवढं.

आधी सायकलच्या दुकानातला हातोडा थांबला. मग न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला, आणि अर्ध्या गालाला साबण लागलेलं त्याचं गिऱ्हाईक उभं राहिलं. एक मोटार कडेला थांबली आणि आतल्या माणसाने रेडिओ बंद केला. सगळा रस्ता मान खाली घालून उभा!

ग्रंथपालांना गहिवरून आलं. एका झाडासाठी! लोकांना अगदीच काही वाटत नाही असं आपण उगाच समजत होतो.

समोरच्या घरात शिंपी आणि शिंपीण राहायचे. त्या दोघांचं रोज संध्याकाळी कडाक्याचं भांडण व्हायचं आणि आख्खी आळी घड्याळ लावून घ्यायची. शिंपीण धावत फाटकाशी आली. तोंडाला पदर.

"काका! कधी झालं हो?"

"सकाळी सुरुवात केली. आत्ता सुटलं."

"फार त्रास झाला का?"

"हो ना," ग्रंथपाल धापा टाकत म्हणाले. "सोडायलाच तयार नव्हतं. शेवटी मेहुण्याने कुऱ्हाड घातली."

शिंपीण तिथल्या तिथे मटकन खाली बसली. ग्रंथपालांना थांबून विचारपूस करायची होती, पण पुढचा कोपरा चालू लागल्यावर मागच्या कोपऱ्याला मत नसतं.

संध्याकाळी चिखल धुऊन ते चहाचं आधण ठेवतायत तोवर दाराशी माणसं. न्हावी, सायकलवाला, शिंपी आणि सुजल्या डोळ्यांची शिंपीण, शिवाय वाचनालयातले दोन जुने सहकारी. सगळे दबक्या पावलांनी आत आले आणि भिंतीशी बसले. पोस्टमनने खरं काय ते सांगितलं असतं, पण तो पुढच्या आळीत टपाल वाटत होता. मेहुणा मागे नळाखाली.

"फार वाईट झालं," जुन्या सहकाऱ्याने सुरुवात केली.

"हो ना, मुळं उघडी पडली," असं ग्रंथपाल म्हणणार होते. तेवढ्यात दुसऱ्याने त्यांच्या हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ दिला आणि म्हणाला, "वहिनी सुटल्या म्हणायचं."

तेव्हा ग्रंथपालांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शिडी. चादर. चौघे. मान खाली घातलेला रस्ता!

दुसरा कोणी असता तर 'अहो, भलतंच काय!' म्हणून ओरडला असता. ग्रंथपालांनी तोंड उघडलं. पण समोर एवढी माणसं, आपापली कामं टाकून आलेली. त्यांना चुकीचं कसं ठरवायचं? तेही आपल्याच घरात, पाहुणे असताना? ते म्हणाले, "चहा घेणार ना?"

"दुःखात भान नाही बिचाऱ्यांना," शिंपी कुजबुजला.

मग एकेकाला कंठ फुटला. बायको आतल्या खोलीत होती. दार पुढे लोटलेलं होतं, लागलेलं नव्हतं.

"काय शांत बाई!" न्हावी म्हणाला. "कधी आवाज चढला नाही."

"नवऱ्याच्या शब्दाबाहेर नाही गेली," सायकलवाला म्हणाला.

"आणि त्या झाडावर केवढी माया!" शिंपीणबाईंना हुंदका आवरेना. "आजारी पडायच्या आधी रोज दुपारी मी खिडकीतून बघायची. स्वतः पातेलं घेऊन यायच्या आणि अगदी बुंध्याशी पाणी घालायच्या!"

"उकळतं घालत होते!" आतून आवाज आला.

न्हाव्याच्या हातातली कपबशी सुटली. वाचनालयातले दोघे एकमेकांना धरून उभे राहिले. शिंपी बायकोच्या मागे लपला, आणि ती शिंप्याच्या मागे लपायला बघत होती, त्यामुळे दोघं जागच्या जागी गरगर फिरली.

"आणि शांत कोण म्हणालं मला? या इकडे! उशी लावा पाठीला. बघू दे तोंडं सगळ्यांची."

सगळी वरात आतल्या खोलीत गेली. तिने एकेकाला समोर उभं करून न्याहाळलं. तोंडातून शब्द निघायला वेळ लागत होता, पण निघालेला प्रत्येक शब्द वर्मी बसत होता. ज्याने फुलं आणली होती त्याने ग्रंथपालांच्या हातातला गुच्छ हळूच परत घेऊन पाठीमागे लपवला आणि तो काढता पाय घेऊ लागला.

"राहू द्या ती," ती म्हणाली. "पाण्यात ठेवा. लागतीलच."

कोणीतरी हसायचा प्रयत्न केला. तो जमला नाही.

माणसं गेल्यावर ग्रंथपाल खाटेच्या कडेला टेकले. "उकळतं पाणी?"

"मग काय करणार? मीठही घातलं. साबणाचं पाणी घातलं. मेलं मरेचना! तुम्ही तर त्याची फुलं वेचून पुस्तकात घालायचात. काढा म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?"

"पण तू दिवसभर त्याच्याकडेच तर बघायचीस..."

"त्याच्याकडे नाही हो. त्याच्यातून! पलीकडे काय चाललंय ते दिसावं म्हणून मान दुखेपर्यंत फट शोधायची. समोर रोज एवढी भांडणं होतात आणि मला नुसती ऐकू येतात! कोण काय फेकतंय ते नको का कळायला?"

ग्रंथपालांनी मान वळवली. बोगनवेलीच्या जागी नुसतं आकाश होतं, रस्ता होता, आणि शिंप्याच्या घराची खिडकी तर ताटात वाढल्यासारखी समोर. ते या खोलीत रोज बसत होते. पुस्तकावरून डोळे उचलून त्यांनी खिडकीबाहेर कधी पाहिलं नव्हतं, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

पुढचे दिवस बरे गेले. संध्याकाळ झाली की ती म्हणायची, "उठवा मला. वेळ झाली." ग्रंथपाल तिला उशा लावून बसवायचे. समोर शिंपी कात्री नाचवायचा, शिंपीण कापडाचा गठ्ठा भिरकावायची, आणि ती इकडून न्याय द्यायची. "चूक त्याची आहे. बघा, बघा, आता इस्त्री उचलेल! उचलली!" या नादात वाटीभर दूध कधी संपायचं ते तिलाही कळायचं नाही. मेहुणासुद्धा खोलीत येऊन बसू लागला. त्याने शिंपीणबाईंची बाजू घेतली होती.

मागच्या अंगणात, गोणपाटाच्या सावलीत, कुंडीतल्या बोगनवेलीने सगळी पानं टाकली होती. ग्रंथपाल चोरासारखे जाऊन तिला पाणी घालायचे. ती जगावी की मरावी, हे त्यांचं ठरत नव्हतं. नखाने साल खरवडून बघायचे. खाली अजून हिरवं दिसलं की त्यांना आनंद व्हायचा, आणि आनंद झाला म्हणून लाज वाटायची.

मग एका संध्याकाळी शिंपिणीने हात उगारता उगारता सहज खिडकीबाहेर पाहिलं. समोर तिघं ओळीने बसलेली. मधल्या बाईने तर उत्साहाने मान हलवली!

दुसऱ्या दिवशी समोरच्या खिडकीला पडदा लागला. जाड, गडद, अस्तर लावलेला. शिंप्याच्याच घरचा तो. एक टाका कुठे सैल नाही. आणि लाजेने म्हणा, भांडणंही थांबली. आळीत अशी शांतता पसरली, की कुत्रीसुद्धा गोंधळली.

तिने दोन संध्याकाळी वाट पाहिली. तिसऱ्या संध्याकाळी भिंतीकडे तोंड केलं. दूध तसंच राहिलं. डॉक्टर आले, नाडी पाहिली, आणि या खेपेला तिच्यासमोरही हसले नाहीत.

ग्रंथपालांनी काय काय केलं! विनोदी पुस्तक वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पुरे." शिंप्याच्या दारी जाऊन, पायरीवर उभं राहून, पडदा काढता का म्हणून विचारायचं ठरवलं. पायरीपर्यंत गेलेही. तिथून, आपण कोण सांगणारे, असं म्हणून एक बटण शिवायला टाकून परत आले.

"अगं, काहीतरी घे," ते खाटेशी वाकून म्हणाले. "काय करू म्हणजे घेशील?"

भिंतीकडे तोंड ठेवूनच ती म्हणाली, "भांडा."

"काय?"

"माझ्याशी भांडा. सगळा जन्म गेला, तुम्ही एकदा भांडला नाहीत. समोरची कशी भांडायची! घर जिवंत वाटायचं."

ग्रंथपाल उभे राहिले. सदरा नीट केला. घसा साफ केला. मग हळूच विचारलं, "कशावरून भांडू?"

"हेच!" ती वळली. गालावर उशीच्या सुरकुत्या उमटल्या होत्या. "हेच तुमचं! भांडायलासुद्धा परवानगी मागताय! तुमच्यापेक्षा ते झाड बरं, निदान बोचायचं तरी!"

"तू त्याच्यावर उकळतं पाणी ओतलंस," ग्रंथपाल म्हणाले.

"ओतलं! हजारदा ओतीन!"

"मला न सांगता!"

"तुम्ही विचारलंत कधी? पुस्तकातून नाक वर काढलंत? आहे कुठे आता ते? मेलं का एकदाचं?"

"नाही!" ग्रंथपाल म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला, आणि मग जो निघाला तो त्यांनी स्वतःच कधी ऐकलेला नव्हता. "नाही मेलं! आणि मरणारही नाही! उन्हाळा असो नाहीतर काही असो! कोण काय म्हणतं ते मला सांगू नकोस! मी मरू देणार नाही, समजलीस?"

खिडकीची तावदानं थरथरली. मागच्या अंगणातून मेहुणा धावत आला आणि उंबऱ्यातच थबकला. ग्रंथपाल घामाघूम होऊन उभे होते. कान लाल, हातात दुधाची वाटी. ती हिंदकळून निम्मी सदऱ्यावर सांडली होती. त्यांना आता काय करावं ते कळेना. माफी मागावी की काय, असं मनात आलं.

ती त्यांच्याकडे बघत होती. मग तिची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि ओठांचा कोपरा किंचित वर झाला.

"थांबू नका," ती पुटपुटली. "पडदा हललाय तिकडे."